आधारची झेरॉक्स देण्याआधी

मागच्या पावसाळ्यात भाडेकराराचे कागद काढण्यासाठी मी आमच्या चौकातील झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे चार जण होते आणि दुकानदार प्रत्येकाला एकच सांगत होता, "या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा." संगणकाचा पडदा गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवलेला असल्याने माझी पाळी येईपर्यंत मला त्याचे डाउनलोडचे फोल्डर ओळीने वाचता येत होते : आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान, सातबारा, कोणाच्या तरी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. एका बाईंनी आधारची फाइल पाठवली आणि ती उघडत नाही म्हटल्यावर तिचा पासवर्ड सगळ्यांदेखत मोठ्याने सांगितला. हे सगळे पुसता कधी, असे मी दुकानदाराला विचारले. "मशीन स्लो झालं की," तो म्हणाला. माणूस प्रामाणिक आहे, गेली अनेक वर्षे मी त्याच्याकडे जातो. पण ज्या दिवशी तो संगणक जुना म्हणून विकला जाईल, त्या दिवशी आमच्या अर्ध्या वॉर्डाची ओळखपत्रे त्याच्याबरोबर बाहेर जातील.

आधारची माहिती फुटल्याची बातमी आली की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. काही जण आता काहीच सुरक्षित राहिले नाही म्हणून हात टेकतात आणि काही जण आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय, असे म्हणून विषय सोडून देतात. या दोन्हींपेक्षा एखाद्या रविवारी दुपारी तासभर काढून घरातल्या प्रत्येकाच्या आधारची थोडी देखभाल करणे अधिक उपयोगाचे आहे, असे मला मनापासून वाटते. ती कशी करायची, हे पुढे क्रमाने लिहिले आहे. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असणे मात्र लागते. तो बंद पडला असेल, तर पुढचे सगळे बाजूला ठेवून आधी आधार केंद्रावर जाऊन नवा क्रमांक जोडून घ्यावा, कारण जवळपास प्रत्येक पायरीवर ओटीपी त्याच क्रमांकावर येतो.

झेरॉक्सने काय सिद्ध होते

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिला क्रमांक दिला गेला. ही व्यवस्था उभारताना विचार असा होता की ओळख कागदावर ठरू नये. माणसाने बारा अंकी क्रमांक सांगावा, सोबत अंगठा किंवा ओटीपी द्यावा, विचारणा मध्यवर्ती यंत्रणेकडे जावी आणि तिथून होकार किंवा नकार यावा. घरी टपालाने आले ते मुळात क्रमांक कळवणारे पत्र होते. आपणच ते कापून, लॅमिनेट करून त्याचे कार्ड केले, आणि मग कार्डाच्या झेरॉक्सलाच पुरावा मानण्याची सवय कचेऱ्यांना आणि आपल्यालाही लागली.

झेरॉक्सने खरे तर काहीच सिद्ध होत नाही. फोटो आणि नाव बदललेली प्रत कोणीही साध्या सॉफ्टवेअरवर दहा मिनिटांत तयार करू शकतो, आणि ती फाइलला लावून घेणारा कारकून तिची पडताळणी करत नसतो. पडताळणी करायचीच असेल, तर आधारवर छापलेला क्यूआर कोड आहे. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो ही माहिती आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) डिजिटल सहीने बांधलेली असते, त्यामुळे प्राधिकरणाच्या स्कॅनर अ‍ॅपने तो वाचला की प्रत खरी आहे की बदललेली, हे तिथल्या तिथे समजते. पूर्ण बारा अंकी क्रमांक त्या कोडमध्ये नसतो. म्हणजे झेरॉक्स घेणाऱ्याला नको असलेला क्रमांक मिळतो आणि हवी असलेली खात्री मिळत नाही.

मे २०२२ मध्ये या विषयावर एक बातमी आली होती, ती अनेकांना आठवत असेल. प्राधिकरणाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाने २७ तारखेला पत्रक काढून सांगितले, की आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी मास्क्ड, म्हणजे काही अंक झाकलेले, आधार द्या. देशभर गोंधळ उडाला, कारण तोवर प्रत्येकाच्या दहा-वीस प्रती कुठे ना कुठे पडून होत्या. २९ तारखेला पत्रकाचा चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता असल्याचे सांगत सरकारने ते मागे घेतले आणि नेहमीची सावधगिरी बाळगावी, एवढेच म्हटले. माझ्या मते मागे घेण्याची घाई चुकीची होती. पत्रकातला सल्ला योग्य होता आणि मास्क्ड आधारची सोय तर त्याआधीपासून प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावर होती. मात्र पत्रक मागे घेतले गेल्यामुळे तो सल्लाच खोटा होता, असा समज लोकांच्या मनात राहून गेला, आणि तो आजही दुकानांत आणि सोसायटीच्या कार्यालयांत ऐकू येतो.

मास्क्ड आधार काढणे

मास्क्ड आधारमध्ये पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. बाकी सर्व मजकूर तोच असतो. तो काढण्यासाठी प्राधिकरणाचे मायआधार हे संकेतस्थळ उघडावे. गुगलवर शोधून पहिल्या दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी पत्ता स्वतः टाइप करावा आणि तो यूआयडीएआय डॉट गव्ह डॉट इन असाच संपतो आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण तशाच दिसणाऱ्या बनावट पानांचा सुळसुळाट आहे. क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेल्यावर डाउनलोडचा पर्याय निवडायचा. तिथे मास्क्ड आधार हवा आहे का, असे विचारणारा एक छोटा चौकोन असतो. तो चौकोन लक्षात न आल्यामुळेच बहुतेकांकडे पूर्ण क्रमांकाची प्रत उतरते. चौकोनावर खूण करून मग पुढे जावे.

उतरलेल्या फाइलचा पासवर्ड म्हणजे आपल्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे, मोठ्या लिपीत, आणि त्यापुढे जन्मवर्षाचे चार अंक. सगळ्यांचा पासवर्ड याच नियमाने बनतो, आणि ज्याला आपले नाव व जन्मवर्ष ठाऊक आहे त्याला तो ठाऊकच आहे. म्हणून पासवर्ड आहे तर फाइल कोणालाही पाठवायला हरकत नाही, असे समजू नये.

ही फाइल एकदाच छापून घ्यावी, शक्यतो घरच्या किंवा एखाद्या नातेवाइकाच्या प्रिंटरवर, आणि त्या छापील कागदाच्या आठ-दहा झेरॉक्स काढून घरात ठेवाव्यात. असे केले की पुन्हा दुकानदाराला फाइल पाठवण्याची वेळच येत नाही. हातातला कागद यंत्रावर ठेवायचा आणि परत घ्यायचा. फाइल पाठवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर छपाई झाल्यावर समोर उभे राहून ती डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून काढायला लावावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून 'सर्वांसाठी डिलीट' केल्याने संदेश जातो, पण संगणकावर उतरलेली प्रत जात नाही. मी हल्ली दुकानदाराला हे शांतपणे सांगतो आणि तो एकदाही रागावलेला नाही.

प्रत देताना तिच्यावर हेतू लिहावा, ही जुन्या लोकांची सवय फार चांगली होती. 'केवळ अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी' असे लिहून तारीख घालावी आणि सही अशी करावी की ती फोटोच्या व मजकुराच्या कडेवरून जाईल. याने लबाड माणूस पूर्णपणे थांबतो असे नाही, पण तीच प्रत दुसऱ्या कामाला लावणे अवघड होते आणि ती कुठून फुटली, हे पुढे कळू शकते.

मास्क्ड प्रत कुठे चालत नाही, हेही माहीत असावे. पॅनशी जोडणी, रेशन, आणि ज्या योजनांचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात त्यांचे अर्ज, अशा ठिकाणी पूर्ण क्रमांक लागतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी गावोगावी ज्या रांगा लागल्या, त्या रांगांतल्या बायकांना क्रमांक देणे भागच होते. परंतु हॉटेल, जिम, क्लास, सोसायटीचे गेट, मोबाइल दुरुस्तीचे दुकान यांना पूर्ण क्रमांकाची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायदा कायम ठेवताना बँक खाते आणि सिमकार्ड यांसाठीची आधारसक्ती रद्द केली होती, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही कामे आधारने करणे ऐच्छिक झाले. तेव्हा ओळखपत्र मागितले गेले तर मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना पुढे करावा. "आधारच लागेल" असे कोणी म्हटल्यास तसा नियम दाखवा, अशी विनंती करावी. बहुतेक वेळा समोरचा माणूस नुसत्या सवयीने मागत असतो आणि परवाना निमूटपणे घेतो. हल्ली गेटवर सुरक्षारक्षक स्वतःच्या मोबाइलवर कार्डाचा फोटो काढून घेतात, त्याला मात्र स्पष्ट नकार द्यावा. तो मोबाइल त्याचा खासगी असतो आणि नोकरी सुटली की फोटो त्याच्याबरोबर जातो.

आपल्या स्वतःच्या मोबाइलकडेही याच वेळी पाहून घ्यावे. गॅलरीत 'आधार' असा शब्द इंग्रजीत शोधून पाहा. फोटोंतला मजकूर ओळखणारी अ‍ॅप आता बहुतेक फोनमध्ये असल्याने कधी काळी काढलेले सगळे फोटो एका क्षणात समोर येतात. मी आईच्या फोनवर हे केले तेव्हा तिचे, वडिलांचे आणि शेजारच्या काकूंचे मिळून अकरा फोटो निघाले, आणि त्यांपैकी तीन कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पाठवलेले होते. फोटो काढून टाकून आधार डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये ठेवावे. लागेल तेव्हा तिथून दाखवता येते.

अंगठ्याचे कुलूप

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आधार क्रमांक गुप्त असतो का, यावर २०१८ मध्ये मोठा वाद झाला. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा क्रमांक ट्विटरवर जाहीर करून, याने माझे काय नुकसान करता ते करून दाखवा, असे आव्हान दिले. लोकांनी त्यांची बरीच माहिती शोधून काढून पुढे ठेवली, त्यांच्या खात्यात एक रुपया टाकूनही दाखवला, आणि काही दिवसांतच आधार प्राधिकरणाने नागरिकांना असे क्रमांक जाहीर करू नका, असे सांगितले. त्या वादात दोन्ही बाजूंनी आवाज पुष्कळ झाला, पण एक साधी गोष्ट मागे पडली : नुसत्या क्रमांकाने पैसे जात नाहीत, क्रमांकाला अंगठा जोडला की जातात.

आधार जोडलेल्या खात्यातून बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा ठेवून रोख रक्कम काढता येते. खेड्यातल्या माणसाला बँकेची शाखा दूर असताना ही फार मोलाची सोय आहे. तिला लागते ते बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. क्रमांक झेरॉक्सवर असतो. ठसा कुठून मिळतो, तर खरेदीखतांसारख्या नोंदणीकृत दस्तांवरून. तेलंगणात २०१८ साली पोलिसांनी असे प्रकरण उघड केले, ज्यात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांच्यापासून कृत्रिम बोटे बनवली गेली होती आणि ती सिमकार्डे चालू करण्यासाठी वापरली होती. पुढच्या वर्षांत निरनिराळ्या राज्यांत याच पद्धतीने खात्यांतून पैसे काढले गेले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणूनच त्याला कुलूप घालण्याची सोय प्राधिकरणाने दिली आहे आणि ती वापरणारे लोक माझ्या पाहण्यात फारच थोडे आहेत.

कुलूप घालण्यासाठी मायआधारमध्ये आत गेल्यावर बायोमेट्रिक लॉकचा पर्याय निवडावा, संमतीच्या चौकोनावर खूण करावी आणि लॉक करावे. दोन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर बोट, डोळे आणि चेहरा यांपैकी कशानेही आपल्या नावाने प्रमाणीकरण होत नाही. ओटीपीने होणारी कामे पूर्वीसारखीच चालू राहतात. योजनेचे किंवा अनुदानाचे पैसे खात्यात येण्यावर याचा काहीही परिणाम होत नाही, कारण पैसे जमा होताना अंगठा लागत नाही. ही शंका मला सर्वांत जास्त वेळा विचारली जाते.

कुलूप आपणच घातले आहे, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. ज्या भाडेकरारासाठी मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो, त्याच्या ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट बोटाचे यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी आला. घरमालकांचा ठसा पहिल्याच वेळी लागला, माझा काही केल्या लागेना. एजंटने काच पुसली, मला हात धुऊन यायला सांगितले, बोटे बदलून पाहिली, आणि वयाने ठसे झिजतात म्हणून घरमालकांच्या सौभाग्यवतींनी खोबरेल तेलही सुचवले. चौथ्या वेळी यंत्रावर आलेली चूक नीट वाचली तेव्हा मला कुलपाची आठवण झाली. मोबाइलवरून तात्पुरते उघडले, ठसा लगेच लागला. तात्पुरते उघडलेले कुलूप दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद होते, त्यामुळे एजंट चहा संपवून उठेपर्यंत माझा अंगठा परत कुलपात होता.

हा सल्ला सगळ्यांना सरसकट देता येत नाही, हेही मला सांगितले पाहिजे. जी आजी दर महिन्याला रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा देते, बँक मित्राकडून निराधार योजनेचे पैसे काढते आणि जिच्याकडे साधा फोनही नाही, तिच्या अंगठ्याला कुलूप घालणे म्हणजे तिचे धान्य अडवणे आहे. मुलाने शहरातून उत्साहाने लॉक करून ठेवले आणि आई दुकानातून रिकाम्या हाताने परत आली, असे होता कामा नये. अशा घरी दुसरा मार्ग घ्यावा. अंगठ्याने चालणाऱ्या खात्यात गरजेपुरतीच रक्कम ठेवावी, बाकीची बचत दुसऱ्या खात्यात ठेवावी, आणि खात्याचे एसएमएस घरातल्या एखाद्या जागरूक माणसाच्या फोनवर येतील असे पाहावे. अंगठ्याने पैसे काढण्याची सोय खात्यावर बंद ठेवता येईल का, हेही शाखेत लेखी अर्ज देऊन विचारावे.

ज्यांना क्रमांक द्यावाच लागतो पण द्यायची इच्छा नसते, त्यांच्यासाठी व्हर्च्युअल आयडी आहे. पैसे घेऊन आधारची माहिती पाहू देणारी मंडळी असल्याची बातमी द ट्रिब्यून या वृत्तपत्राने जानेवारी २०१८ मध्ये दिल्यानंतर त्याच महिन्यात ही सोय जाहीर झाली. हा सोळा अंकी क्रमांक हवा तेव्हा नवा काढता येतो, नवा काढला की जुना बाद होतो आणि त्यावरून मूळ क्रमांक ओळखता येत नाही. कल्पना उत्तम आहे. तरीही ती रुजली नाही, कारण मागणाऱ्या कचेऱ्यांच्या अर्जात बाराच चौकोन असतात.

इतिहास पाहणे

शेवटचे काम दर तीन महिन्यांनी करण्यासारखे आहे. मायआधारमध्ये प्रमाणीकरणाचा इतिहास पाहण्याची सोय आहे. मागील सहा महिन्यांत आपला आधार कुठे, कोणत्या तारखेला आणि कोणत्या पद्धतीने तपासला गेला, हे तिथे जास्तीत जास्त पन्नास नोंदींपर्यंत दिसते. संस्थांची नावे कधी कधी ओळखू येत नाहीत, कारण मोबाइल कंपनी किंवा बँक मधल्या संस्थेमार्फत विचारणा करते. म्हणून आधी तारीख आणि वेळ जुळवून पाहावी. त्या दिवशी आपण सिम घेतले होते का, खाते उघडले होते का, रेशन आणले होते का? सोबत संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावाने किती मोबाइल जोडण्या आहेत तेही पाहावे आणि जी आपली नाही ती तिथेच कळवावी.

इतिहासात बोटाच्या ठशाची अनोळखी नोंद दिसली, तर त्याच क्षणी कुलूप घालावे आणि १९४७ या प्राधिकरणाच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, आणि बँकेला त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा एसएमएस आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर नुकसान ग्राहकाच्या अंगावर येत नाही. चौथ्या दिवसापासून जबाबदारी त्याच्यावर येऊ लागते. शाखेत "साहेब उद्या भेटतील" असे सांगितले गेले, तरी अर्ज आवक विभागात देऊन शिक्का त्याच दिवशी मारून घ्यावा.